लाईन (वीज) आली की बिलिंग अडकतं, सॉफ्टइथर मात्र कनेक्टेडच दाखवतं : आमच्याकडे कारण काय निघालं

दोन जागची दुकानं सॉफ्टइथरने, म्हणजे इंटरनेटवरून दोन ठिकाणचे कॉम्प्युटर खाजगीपणे जोडणाऱ्या व्हीपीएन सॉफ्टवेअरने, जोडलेली आहेत, कनेक्शन ऑनलाइन दिसतं, इंटरनेटही चालतं, पण दर दोनतीन दिवसांनी काउंटरवरचा कॉम्प्युटर सर्व्हर सापडत नाही म्हणतो आणि बिल निघत नाही, मग कोणीतरी सगळं बंद-चालू करतं, कधी जमतं कधी नाही. असा त्रास ज्यांना आहे त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्याकडे हे जवळपास दोन महिने चाललं, आणि कारण कळल्यावर पहिला इलाज पाच मिनिटांचा निघाला.

सेटअप सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळतंय का पाहता येईल. दारव्हा तालुक्यातलं एक कृषी केंद्र आहे, मेन दुकान तालुक्याच्या गावी आणि शाखा पंधरावीस किलोमीटरवर खेड्यात. मी त्यांचे कॉम्प्युटर पाहतो. बिलिंगचा डेटाबेस मेन दुकानातल्या एका पीसीवर आहे, त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो पण आहे साधा विंडोजवाला डेस्कटॉप. मेनला फायबर आहे, पब्लिक आयपी मिळतो पण बदलत राहतो. शाखेत फायबर पोचलेलं नाही, तिथे सिमवालं फोरजी राउटर आहे. सर्व्हरवर सॉफ्टइथरचा व्हीपीएन सर्व्हर टाकला आणि शाखेत एका जुन्या लॅपटॉपवर व्हीपीएन ब्रिज टाकला, म्हणजे शाखेतला काउंटर मेन दुकानाच्या लॅनमधेच, आतल्या नेटवर्कमधेच, बसल्यासारखा. याआधी शाखेवरचा पोरगा संध्याकाळी वही घेऊन मोटरसायकलने यायचा आणि दुसऱ्या दिवशी वहिनी ती सगळी बिलं परत टाइप करायच्या. वहिनी म्हणजे मालकांच्या सूनबाई, मेन काउंटर त्याच सांभाळतात. मालकांना सगळे काकाजी म्हणतात.

सॉफ्टइथर का घेतलं, तर फुकट आहे आणि भक्कम आहे. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात शिकणाऱ्या दाइयू नोबोरी नावाच्या विद्यार्थ्याने २००३ मधे हे सुरू केलं, विद्यापीठाशी जोडलेलंच पुढे वाढत गेलं, २०१४ च्या जानेवारीत सोर्स कोड खुला झाला आणि २०१९ पासून अपाचे लायसन्सवर मिळतं. लायसन्सचे पैसे नाहीत, किती कॉम्प्युटर जोडायचे याची वेगळी फी नाही, विंडोज-लिनक्स दोन्हीवर चालतं. खेड्यातल्या दुकानाला महिन्याला भाडं भरून व्हीपीएन घ्या म्हणणं मला तरी पटत नाही, म्हणून मी हेच लावतो आणि पुढेही लावणार.

आता त्याच्या नावातच मुद्दा आहे. सॉफ्टवेअर अधिक इथरनेट. म्हणजे हे नुसता सुरक्षित रस्ता करून देत नाही, हे सॉफ्टवेअरमधे अख्खा नेटवर्क स्विच बनवतं, त्याला ते व्हर्च्युअल हब म्हणतात, आणि लोकल ब्रिज केला की तुमच्या खऱ्या लॅनची वायर त्या हबमधे खोचल्यासारखं होतं. दोन्हीकडे लोकल ब्रिज केला तर अर्थ असा की तुम्ही दारव्ह्यापासून त्या खेड्यापर्यंत एक लॅन केबल ओढली. केबलमधून जे जातं ते सगळं जाणार. फक्त बिलिंगचं नाही, दोन्हीकडची ब्रॉडकास्ट म्हणजे सगळ्यांना मारलेली हाक, दोन्हीकडचे राउटर, सगळं एकाच वायरवर. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट लगेच सापडली होती, ती आधी तपासा. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, कारण बहुतेक राउटर तसेच येतात. एका वायरवर एकाच पत्त्याची दोन घरं झाली, पोस्टमनने पत्र कुठे टाकायचं. मी पूर्ण दुकानाचा नंबरच बदलला, १९२.१६८.४७ केला, मेन राउटर ४७.१ आणि शाखेचा राउटर ४७.२. मेन राउटरने ५० ते ९९ पर्यंतचे पत्ते वाटायचे, शाखेच्या राउटरने १५० ते १९९, सर्व्हरला हाताने ४७.१० दिला. ४७ ला काही अर्थ नाही, फक्त सहसा कोणाच्या घरच्या वायफायला नसतो म्हणून घेतला, नाहीतर घरून मोबाईलने जोडताना परत तोच घोळ होतो.

हे करून वाटलं झालं. मृग लागला, कपाशीच्या बॅगा घ्यायला गर्दी सुरू झाली, आणि नेमकं तेव्हा अडकायला लागलं. शाखेवरून फोन यायचा, भाऊ आज बी तेच, सर्व्हर नाही सापडून राह्यला. मी घरून पाहायचो तर ब्रिजचं कनेक्शन व्यवस्थित ऑनलाइन, पॅकेट येतायत जातायत. कास्तकार समोर उभा, त्याला पेरणीला जायची घाई, बिल नंतर घेऊन जा म्हणून बॅग द्यावी लागायची. मला हे फार लागायचं, कारण बियाणं उगवलं नाही तर तक्रार करायला हातात बिल आणि लॉट नंबर लागतो, त्याशिवाय त्या माणसाचं कोणी ऐकत नाही. कॉम्प्युटर अडकला म्हणून त्याचा कागद राहिला हे बरोबर नाही.

मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही त्यात वेळ घालवू नका. फोरजीच्या रेंजवर संशय घेतला, सिम बदललं, राउटर खिडकीत ठेवला. कनेक्शनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधे टीसीपी कनेक्शन्स १ वरून ८ केले, तिथे ३२ पर्यंत देता येतात. यूडीपी ॲक्सिलरेशन बंद करून पाहिलं. कीप अलाइव्ह चालू केलं. कनेक्शन खरंच तुटत असेल, म्हणजे मॅनेजरमधे सेशनच दिसेनासं होत असेल, तर ही सगळी ठिकाणं बघण्यासारखी आहेत. पण आमचं कनेक्शन तुटतच नव्हतं. ऑनलाइन दिसतंय आणि काम होत नाहीये, हा वेगळा आजार आहे.

सुगावा वहिनींनी दिला. काउंटरच्या मागे बियाणे कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं आहे, त्यावर त्यांनी पेन्सिलने प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, ला ११.१०, आली ११.२५, बि बंद. पुढच्या चौकोनात ला नाही, बि चालू. ला म्हणजे लाईन गेली, बि म्हणजे बिलिंग. असं अठरा-वीस दिवसांचं. मला म्हणाल्या, दादा, तुम्ही नेटवर्क नेटवर्क म्हणता पण ज्या दिवशी लाईन जात नाही त्या दिवशी हे कधीच होत नाही, आणि लाईन गेली तरी दर वेळी होत नाही, तीनातून दोनदा होते. मी तिथेच उभं राहून सगळे चौकोन वाचले. एकही तारीख त्यांच्या बोलण्याच्या बाहेर नव्हती.

मग मी मेन दुकानात बसलो आणि लाईन जाण्याची वाट पाहिली, फार वेळ लागला नाही. लाईन गेली, काउंटर बंद. सर्व्हर आणि स्विच इन्व्हर्टरवर, ते चालूच. फायबरचा राउटर मात्र दाराजवळ, जिथून वायर आत येते तिथल्या बोर्डवर, तो इन्व्हर्टरवर नाही, तो बंद. पंधरा मिनिटांनी लाईन आली. काउंटरला नवीन एसएसडी टाकलेली, तो अर्ध्या मिनिटात उभा. राउटरचे दिवे अजून लुकलुकत होते, त्याला पूर्ण उठायला दोन मिनिटं लागतात. मी काउंटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडलं, आयपीकॉन्फिग लिहून स्पेस देऊन स्लॅश ऑल मारलं. पत्ता आला १९२.१६८.३०.११. आणि खाली डीएचसीपी सर्व्हरच्या, म्हणजे पत्ता कोणी वाटला त्याच्या, ओळीत १९२.१६८.३०.१.

आमच्या दुकानात ३० नंबरचं काहीच नाही. ना मेनला ना शाखेत.

ज्यांनी सॉफ्टइथर लावलंय त्यांच्यातले बरेच जण हा पत्ता ओळखतील. सॉफ्टइथरमधे सिक्युअरनॅट नावाची सोय आहे, ती चालू केली की हबच्या आत एक छोटा राउटर तयार होतो, स्वतः १९२.१६८.३०.१ होऊन बसतो आणि ३०.१० पासून ३०.२०० पर्यंत पत्ते वाटतो. सुरुवातीला काकाजींचा मोबाईल जोडून पाहण्यासाठी मी ती चालू केली होती, लोकल ब्रिज नंतर केला, आणि सिक्युअरनॅट तसंच चालू राहिलं. ही चूक माझी, सॉफ्टवेअरची नाही. त्यांच्या माहितीपत्रात साफ लिहिलंय की जिथे आधीच डीएचसीपी आहे अशा लॅनला लोकल ब्रिज असेल तिथे सिक्युअरनॅट लावू नका.

म्हणजे काय होत होतं बघा. कॉम्प्युटर चालू झाला की तो वायरवर हाक मारतो, मला पत्ता द्या. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता तो घेतो, आपला कोण परका कोण हे त्याला कळत नाही. राउटर झोपलेला, सर्व्हर इन्व्हर्टरवर जागा, मग सिक्युअरनॅटच उत्तर देणार. राउटर लवकर उठला तर पत्ता बरोबर, म्हणून तीनातून एकदा सगळं ठीक. आणि सगळ्यात फसवं म्हणजे ३० चा पत्ता मिळाला तरी सिक्युअरनॅट स्वतः मधे राउटरसारखं बसून इंटरनेट देतं, गूगल उघडतं, व्हॉट्सॲप चालतं, म्हणून कोणालाच पत्त्यावर संशय येत नाही. पण बिलिंग सर्व्हरला नावाने शोधतं, नावाने शोधणं आपल्याच नंबरच्या लॅनमधे होतं, ३० वाल्याला ४७ वाला सापडत नाही.

शाखेतही तेच, थोडं वेगळ्या वाटेने. तिथे लाईन आल्यावर व्हीपीएन जुळेपर्यंत राउटर उठलेला असतो, तरी परका पत्ता मिळायचा. कारण काही राउटर पत्ता देण्याआधी तो दुसरा कोणी वापरतंय का ते तपासतात, त्यात सेकंद-दोन सेकंद जातात, आणि तेवढ्यात वीस किलोमीटरवरून सिक्युअरनॅटचं उत्तर फोरजीवरून येऊन पोचतं. शेजारी बसलेला मागे पडतो.

खात्री करायची असेल तर दोन जागा आहेत. एक वर सांगितलं ते, जेव्हा अडकलेलं असतं तेव्हाच आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल, आणि डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचायची. रिस्टार्ट करू नका आधी, पुरावा जातो. दुसरी म्हणजे सॉफ्टइथर जिथे इन्स्टॉल आहे त्या फोल्डरमधे पॅकेट लॉग नावाचं फोल्डर असतं, त्यात हबच्या नावाने तारखेवार फाइली असतात, आणि डीएचसीपीच्या घडामोडी तिथे आपोआप लिहिल्या जातात, वेगळं काही चालू करावं लागत नाही. नोटपॅडमधे उघडून डीएचसीपी शोधा, कोणी कोणाला कोणता पत्ता दिला वेळेसकट दिसतं. मी ते वहिनींच्या कॅलेंडरशी लावून पाहिलं, वेळा जुळल्या.

इलाज. सर्व्हर मॅनेजर उघडा, तुमचा हब निवडून मॅनेज व्हर्च्युअल हब, त्यात व्हर्च्युअल नॅट आणि व्हर्च्युअल डीएचसीपीचं बटन आहे, आत डिसेबल सिक्युअरनॅट दाबा. मग ज्या कॉम्प्युटरला चुकीचा पत्ता मिळालाय तिथे आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज आणि मग आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू. झालं. काउंटरवर तेव्हाच बिल निघालं.

बारा-तेरा दिवस काहीच झालं नाही, मग शाखेवरून परत फोन. यावेळी बिलिंग चालू होतं पण इंटरनेट अगदी मंद आणि मेन दुकानाचंही मंद. परत तीच ओळ वाचली, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.४७.१. म्हणजे शाखेच्या काउंटरला पत्ता मेन दुकानाच्या राउटरने दिला होता, गेटवे म्हणजे बाहेर जायचं दारही तोच, त्यामुळे शाखेतून एखादी साइट उघडली तरी ती आधी फोरजीने मेनला यायची, तिथून बाहेर जायची, आणि परत त्याच वाटेने. सिक्युअरनॅट बंद झालं तरी वायर एकच आहे ना, आणि वायरवर अजून दोन पत्ते वाटणारे आहेत. म्हणून अर्धा इलाज करून थांबू नका.

यासाठी हबमधे मॅनेज युजर्समधे जा, शाखेचा ब्रिज ज्या युजरने जोडतो तो उघडा, सिक्युरिटी पॉलिसी सेट करायची टिक करा, आणि आतल्या यादीत आयपीव्हीफोरचे डीएचसीपी पॅकेट फिल्टर करायची ओळ आहे ती चालू करा. ब्रिज एकदा डिस्कनेक्ट होऊन परत जुळू द्या. आता शाखेतून निघालेली पत्त्याची हाक मेनपर्यंत पोचत नाही, आणि मेनमधल्या हाकेला शाखेच्या राउटरने उत्तर दिलं तर तेही हबच्या दारात अडतं. बाकी सगळं, बिलिंग, प्रिंट, कॅमेरे, पूर्वीसारखं चालतं. ही पॉलिसी फक्त शाखेच्या युजरवर लावा, सगळ्यांवर नाही, का ते खाली येईलच.

तिसरं काम म्हणजे फायबरचा राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. वायरमनने अर्ध्या तासात केलं. हे आधीच असतं तर लक्षणं कमी दिसली असती, पण मूळ दोष तसाच राहिला असता, म्हणून मी ते मुद्दाम शेवटी केलं.

दोन्ही बाजूला वेगवेगळे नंबर ठेवून मधे व्हर्च्युअल लेअर थ्री स्विच लावायचा, हा रस्ताही सॉफ्टइथरमधे आहे आणि तो जास्त स्वच्छ आहे, पत्त्यांचा हा घोळच होत नाही. पण त्यासाठी दोन्ही राउटरमधे स्टॅटिक रूट, म्हणजे पलीकडच्या नंबरकडे जायची वाट, हाताने टाकावा लागतो, आणि सिमवाल्या स्वस्त राउटरमधे बऱ्याचदा ती सोयच नसते. तुमच्यात असेल तर तेच करा.

थोडक्यात अजून काही, कारण हे सगळे फोनवर विचारले गेलेले प्रश्न आहेत. शाखेचा ब्रिज लॅपटॉप वायफायवर ठेवून लोकल ब्रिज करू नका, बहुतेक वायफाय कार्ड दुसऱ्याचे पॅकेट पुढे पाठवू देत नाहीत, केबलच लावा. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपणार नाही असं सेटिंग करा. मेनचा आयपी बदलत असेल तर शाखेत आकडे टाकू नका, सॉफ्टइथरचं स्वतःचं डायनॅमिक डीएनएस नाव मिळतं, शेवटी सॉफ्टइथर डॉट नेट असलेलं, ते टाका, आणि राउटरमधून टीसीपी ४४३ सर्व्हरकडे वळवा. मेनलाही पब्लिक आयपी नसेल तर व्हीपीएन अझूर ही त्यांचीच फुकट रिले आहे, जुळतं, पण वाट लांब होते हे धरून चला. सर्व्हर लिनक्सवर असेल तर लोकल ब्रिज केलेल्या कार्डवरून तो लिनक्स कॉम्प्युटर स्वतः व्हीपीएनवाल्यांना दिसत नाही, बाकी लॅन दिसते, त्याला टॅप डिव्हाइस किंवा दुसरं कार्ड लागतं, तिथे तासन्‌तास पिंग मारत बसू नका. आणि तुमचं बिलिंग डेटाबेस सर्व्हर न वापरता शेअर केलेल्या फोल्डरमधल्या फाइली उघडत असेल तर फोरजीवर ते व्हीपीएनमधून चालवू नका, मधेच लाईन गेली की फाइल खराब होते, शाखेला रिमोट डेस्कटॉप द्या.

राहिला काकाजींचा मोबाईल. सिक्युअरनॅट बंद केल्यावर त्यांचा पहिला फोन हाच होता, मले घरून गल्ला दिसत नाही आता काऊन. मोबाईलसाठी सिक्युअरनॅट लागतंच असं नाही. लोकल ब्रिज असला की मोबाईललाही पत्ता मेन दुकानाचा खरा राउटर देतो, आणि म्हणूनच ती डीएचसीपी फिल्टरची पॉलिसी त्यांच्या युजरवर लावायची नाही. नव्या अँड्रॉइडमधे एलटूटीपी ही व्हीपीएन जोडायची पद्धत राहिलेली नाही, १२ पासून नवीन जोडता येत नाही, म्हणून सर्व्हर मॅनेजरमधून ओपनव्हीपीएनची फाइल बनवून घेतली, झिपमधे जोडणीच्या दोन फाइली येतात, मोबाईलला नावात एल थ्री असलेली घ्यायची, आणि राउटरमधे यूडीपी ११९४ वळवायचा. त्यांना ४७.६३ पत्ता मिळाला, मी मेन राउटरच्या यादीत पाहिला.

परवा संध्याकाळी वादळात लाईन चारदा गेली. मी फोन करून विचारलं तर वहिनी म्हणाल्या, चारही वेळा मी आधी ती ओळ वाचली दादा, ४७.१ च आहे, आणि बिलं चालू आहेत, तुम्ही यायचं काम नाही.